ताईच्या वाट्याचा लाडू

ढगांच्या खालीच एक पाळण्यांची बाग होती. भुरू उंदीर आईबरोबर तिथे सुट्टीला आला.

आईने डबा उघडला. आत एकच लाडू. आईने तीन वाटे केले. एक आईचा. एक भुरूचा. एक ताईचा.

ताई आता ढगात राहते. पण तिचा वाटा आधी निघतो. तो आकाशपाळण्यात ठेवायचा. पाळणा वर जातो. मगच बाकीच्यांनी खायचं.

"मी ठेवतो!" भुरू म्हणाला. स्वतःचा वाटा खिशात, ताईचा हातात.

"हळू जा रे, पडशील!"

भुरू ऐकतो कुठला? तुरुतुरु धावला. टप्! लाडू पडला. गडगड गडगड... थेट पाळण्याखाली.

"पाळणेकाका, पाळणेकाका, लाडू द्या. लाडू ताईला."

पाळणा म्हणाला, "कुर्र कुर्र! माझे सांधे धरलेत. आधी तेल आण."

तुरुतुरु तुरुतुरु. मांजरमावशी वडे तळत होती. चर्र!

"मावशी, मावशी, तेल दे. तेल पाळण्याला. पाळणा देईल लाडू. लाडू ताईला."

मावशी म्हणाली, "घाबरू नकोस, मेल्या. सुट्टीत मी वडेच खाते. आधी चटणीला पान आण."

तुरुतुरु तुरुतुरु. कोथिंबीर मान टाकून बसली होती.

"कोथिंबिरी, कोथिंबिरी, पान दे. पान मावशीला. मावशी देईल तेल. तेल पाळण्याला. पाळणा देईल लाडू. लाडू ताईला."

कोथिंबीर म्हणाली, "घसा सुकलाय रे. आधी पाणी आण."

तुरुतुरु तुरुतुरु. कारंजं डुलक्या घेत होतं.

"कारंज्या, कारंज्या, पाणी दे. पाणी कोथिंबिरीला. कोथिंबीर देईल पान. पान मावशीला. मावशी देईल तेल. तेल पाळण्याला. पाळणा देईल लाडू. लाडू ताईला."

कारंजं म्हणालं, "आऽऽ! गाण्याशिवाय मी उडत नाही. आधी गाणं आण."

तुरुतुरु तुरुतुरु. लाकडी घोडा गोल गोल फिरत होता.

"घोडेदादा, घोडेदादा, गाणं दे. गाणं कारंज्याला. कारंजं देईल पाणी. पाणी कोथिंबिरीला. कोथिंबीर देईल पान. पान मावशीला. मावशी देईल तेल. तेल पाळण्याला. पाळणा देईल लाडू. लाडू ताईला."

घोडा म्हणाला, "गाणं माझ्या पोटात आहे. पण पोट रिकामं! आधी घास आण."

भुरूने खिशात हात घातला. आत त्याचा वाटा. त्याच्याही पोटात कावळे ओरडत होते.

"घे!" भुरू म्हणाला. सगळाच देऊन टाकला.

टिंग टिंग टिंग! घोड्याने गाणं दिलं. गाणं कारंज्याला. झुळझुळ! कारंज्याने पाणी दिलं. पाणी कोथिंबिरीला. टुक! कोथिंबिरीने पान दिलं. पान मावशीला. मावशीने तेल दिलं. तेल पाळण्याला. कुर्र... कुर्र... पाळणा उठला. लाडू मिळाला!

भुरूने लाडवावर फुंकर घातली. फू फू. लाडू पाळण्यात ठेवला.

पाळणा वर गेला. आणखी वर. ढगात शिरला. सगळ्यांच्या माना वर.

मग हळू, हळू, खाली आला.

आत ताईचा अर्धा वाटा!

"आई, ताईने एवढा का ठेवला?"

"तुझा खिसा रिकामा आहे ना, वेड्या? तिला वरून दिसतं."

आईने आपला वाटा खाल्ला. भुरूने ताईने ठेवलेला खाल्ला. ढग डुलला, पाळणा निजला, आणि भुरूच्या मिशीवर एक कण उरला.