ठकू सुईणीचा फेरा

फार वर्षांपूर्वी, हिवरगव्हाणाला मातीचं गावकूस होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी गावात बाळंतपणाचा एक कायदा होता. कळा सुरू झाल्या की बाईला अंधाऱ्या खोलीत उताणं निजवायचं. पाणी द्यायचं नाही, पाण्यानं पोटातलं बाळ बुडतं म्हणे. आणि कळा लांबल्या, तर बाईनं पाप लपवलंय असं धरायचं. तिनं परक्या पुरुषाचं नाव घेईपर्यंत दार बंद.

गव्हाण्यांच्या घरात ठकू ही धाकटी सून. तिच्या कळा दोन दिवस चालल्या. दाराबाहेर थोरली जाऊ आनंदी उभी होती. ती सारखी म्हणे, "नाव सांग, ठकू, म्हणजे सुटशील."

तिसऱ्या दिवशी ठकूची जीभ टाळूला चिकटली. एका घोटासाठी तिनं तोंडाला आलं ते नाव घेतलं. पाणी मिळालं. बाळ मात्र गेलेलंच जन्मलं, आणि त्या ओल्या बाळंतिणीला गावकुसाबाहेर काढलं.

रानात धनगरांचा तळ होता. त्यांनी तिला ठेवून घेतलं. तिथल्या बायका चालत चालत कळा सोसत, तहान लागली की पाणी पीत, उकिडव्या बसून बाळंत होत. ठकूनं बारा वर्षं ते पाहिलं आणि हातांत उतरवलं. तिच्या हातून एकही बाई दगावली नाही, असं म्हणतात.

तेराव्या वर्षी ती म्हणाली, "आता मी माझ्या गावी जाते."

"तिथं तुला कोण उभं करील?" धनगरणींनी विचारलं.

"माझी मी उभी राहीन."

गावकुसाबाहेर तिनं खोपट बांधलं. कुणी बोलावलं नाही. मग एका सकाळी बातमी आली, आनंदीची सून सगुणा दोन दिवस अडली आहे. ठकू पदर खोचून सरळ त्या घरी गेली. दारात आनंदीच उभी.

"तिचं पाप बाहेर आल्याशिवाय मूल यायचं नाही," आनंदी म्हणाली.

"पोटात पाप नाही, जाऊबाई, बाळ आहे. मी घेतलेलं नाव खोटं होतं. पाण्यासाठी घेतलं होतं. बाजूला व्हा."

आनंदी हलली नाही. ठकूनं तिला ओलांडून दाराला हात घातला. लोखंडाची कडी तिच्या मुठीत मेणासारखी वाकली, असं म्हणतात.

सगुणाला तिनं घोट घोट पाणी पाजलं आणि भर उन्हात बाहेर आणलं. पुरुषांनी तोंडं फिरवली. पुजारी ओरडला, "विटाळ! थांबव तिला!" ठकू थांबली नाही.

"चाल, पोरी. कळ आली की माझ्या गळ्यात पड. गेली की चाल."

गावकुसाभोवती फेऱ्यामागून फेरा. सगुणाचे पाय लटपटत, ठकू तिला सावरून पुन्हा पुढं नेई. चौथ्या फेऱ्याला वेशीजवळच्या आडाचं पाणी काठोकाठ वर आलं आणि सगुणा वाकून ओंजळीनं प्याली, असं म्हणतात. सातव्या फेऱ्याला ती बाभळीखाली उकिडवी बसली. ठकूनं हात पुढं केले. मुलगी झाली, आणि तिचा टाहो पार शिवारापर्यंत ऐकू गेला.

आनंदी धावत आली, ती बाभळीखाली मटकन बसली.

"तुझ्या वेळी दार मीच धरलं होतं गं."

"हो," ठकू म्हणाली. "आता नात धरा."

गावकूस कधीच ढासळलं. फेऱ्याची वाट मात्र गावानं मोडू दिली नाही. आता दवाखान्याची गाडी वेशीपर्यंत येते. ती येईस्तोवर कळा लागलेली बाई ठकूच्या वाटेनं चालते, शेजारणी तिच्या दोन्ही बाजूंनी. घरोघरची दारं उघडी असतात, उंबऱ्यावर पाण्यानं भरलेला तांब्या. त्या वेळात तिला काही म्हणून विचारायचं नाही, असा ठकूच्या नावानं नेम आहे. एकच प्रश्न चालतो. तो म्हाताऱ्या विचारतात, शाळकरी पोरी विचारतात, आता पुरुषही विचारतात.

"पाणी हवं का, बाई?"