गाऊन किंवा तत्सम

२३ एप्रिल, मंगळवार. सकाळपासून आभाळ कोंदलेलं, वारा पडलेला. दाभोळच्या खाडीचं पाणी जागचं हलत नव्हतं.

"म्हणजे कोट काळाच पाहिजे? गडद निळा नाही चालणार?"

लतीफचाचा सुपारी कातरत होते. अडकित्ता चालू राहिला.

शिगवण सरांनी प्रश्न पुन्हा विचारला. सदतीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं होतं, त्यातली अकरा वर्षं मुख्याध्यापक म्हणून. एका प्रश्नाचं उत्तर पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही, ही शिस्त त्यांनी तालुक्यातल्या दोन पिढ्यांना लावली होती.

"चालेल की," चाचा म्हणाले. "रात्री निळा काळाच दिसतो."

सरांनी वहीत लिहून घेतलं. निळा चालतो. कारण, रात्र.

हॅम्बुर्गच्या मुलीने आईवडिलांना जहाजाच्या सफरीची तिकिटं पाठवली होती. नऊ जूनला बार्सिलोनाहून निघायचं, सात रात्री समुद्रावर. सत्तेचाळीस दिवस उरले होते. सर रोज सकाळी दात घासायच्या आधी कॅलेंडरवर एक फुली मारत. वाटेतली बंदरं त्यांना क्रमाने पाठ होती. उलट क्रमानेही.

सातांपैकी दोन रात्री मात्र वेगळ्या होत्या. फॉर्मल रात्री. त्या दोन संध्याकाळी मोठ्या जेवणघरात वाटेल त्या कपड्यांत जाता येत नाही, असं जहाजाच्या पत्रकात छापलं होतं.

असल्या गोष्टी विचारायच्या तर लतीफचाचांना, हे खाडीच्या दोन्ही काठांना ठाऊक होतं. अब्दुल लतीफ सरगुरोह. वय अठ्ठ्याहत्तर. एकोणिसाव्या वर्षी जहाजावर बशा धुवायला लागले आणि जेवणघराचे मुख्य वाढपी होऊन उतरले. एकतीस वर्षं. म्हणून सर धोपाव्याहून फेरीबोटीने, एक मोठी बॅग आणि बायकोला, शालनताईंना, घेऊन पलीकडे आले होते. बॅगेत सगळे कपडे होते. तपासून घ्यायला.

सुनेने, मुनीराने, पडवीच्या दारात येऊन सासऱ्यांकडे पाहिलं.

चाचा शालनताईंकडे वळले. "ताई, चहा की सरबत?"

"दोघांनाही चहा," सर म्हणाले. "बिनसाखरेचा."

चाचा वळलेलेच राहिले. जणू कोणी काही बोललंच नव्हतं.

"ताई?"

"सरबत," शालनताई म्हणाल्या. "कोकमाचं असेल तर."

मुनीरा आत गेली. सरांनी वहीचं पान उलटलं.

"आता मुख्य मुद्दा. पत्रकाचं मी मराठी करून आणलंय. ऐका. 'पुरुषांनी गडद सूट किंवा डिनर जॅकेट, बो टाय इष्ट. स्त्रियांनी लांब गाऊन किंवा तत्सम.'"

"तत्सम म्हणजे?"

"त्याच्यासारखं."

"असं होय," चाचा म्हणाले. "मी चौथीपर्यंतच शिकलोय."

"म्हणजे साडी त्यात येत नाही," सर पुढे म्हणाले. "गाऊन शिवलेला असतो. साडीला शिवण नसते. म्हणून हिला गाऊन शिवून घेतला. चिपळूणला, चांगल्या टेलरकडे. मरून रंग. तिथे उगाच आपण वेगळे दिसायला नको."

चाचांनी सुपारी तोंडात टाकली.

खरी गोष्ट सरांनी अजून सांगितली नव्हती. आठ दिवसांपूर्वी, दोरीवर कपडे वाळत घालता घालता शालनताई म्हणाल्या होत्या, "त्या दोन रात्री मी खोलीतच थांबेन. तुम्ही जेवून या." कारण विचारलं तर पुढचा कपडा झटकला.

ही काट्या-सुऱ्याला घाबरते, असा निष्कर्ष सरांनी काढला. मग पाच संध्याकाळी त्यांनी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घावन कापायला शिकवलं. डाव्या हातात काटा, उजव्या हातात सुरी. पाचव्या दिवशी तिने घावनाचे असे सारखे तुकडे केले की सरांनी ते मोजले. आठ. आणि पाणी पिऊन ती म्हणाली, "तरी मी खोलीतच थांबेन."

तेव्हापासून सरांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येई. झुंबरं, पांढरी टेबलं, चारशे माणसं, आणि समोरची खुर्ची रिकामी. छत्तीस वर्षांच्या संसारात दोघं घाटावर फारशी गेली नव्हती. आता समुद्रावर जायचं तर हे असं.

आता ते हळूच म्हणाले, "चाचा, ही त्या रात्री यायला तयार नाही. तुम्ही स्वतः पाहिलंय सगळं. तुम्ही सांगितलं तर ऐकेल."

चाचांनी शालनताईंकडे पाहिलं. "काट्या-चमच्याने जमतं?"

"उत्तम जमतं," सर म्हणाले. "मी शिकवलंय."

चाचा वाट पाहत राहिले...

"जमतं," शालनताई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "घावन तर जमतं बाई. पुढचं तिथे गेल्यावर."

चाचा हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते.

चहा आला, सरबत आलं. सरांचा चहा निवत राहिला, कारण त्यांनी बॅग उघडली होती. बूट निघाले, कोट निघाला. कोट त्यांनी तिथेच, एवढ्या उकाड्यात, अंगात घातला. मग खिशातून एक कागदाची पुडी काढली. पुडीत काळी रेशमी पट्टी होती.

"बो टाय," सर म्हणाले. त्यांचा आवाज थोडा चढला होता. "तयार गाठीचा नाही. खरा. मुलीने कुरिअरने पाठवलाय. हे मला आज शिकायचंच आहे. पंधरा दिवस झटतोय."

"उभे राहा."

सर उभे राहिले. चाचाही उठले, लुंगी सावरली आणि समोर आले. ती पट्टी त्यांच्या हातात गेली आणि त्यांची बोटं एकदम तरुण झाली. एक टोक लांब, एक आखूड. वरून, खालून, घडी, आत... सरांनी खाली पाहायचा प्रयत्न केला.

"मान वर."

सरांनी मान वर केली. मान वर कर, असं त्यांना शेवटचं कोणी सांगितलं होतं ते त्यांना आठवेना.

"झालं."

भिंतीवर दाढी करायचा छोटा आरसा होता. सर आरशापुढे गेले. गळ्यात काळं फुलपाखरू बसलं होतं. पंख सारखे. सर स्वतःकडे पाहत राहिले आणि अस्पष्ट हसले. मग त्यांनी गाठ सोडली आणि स्वतः बांधायला घेतली.

पहिल्यांदा ती बुटाची लेस झाली. दुसऱ्यांदा नुसती गाठ. तिसऱ्यांदा काहीच झालं नाही, पट्टी खाली पडली.

"आरशात डावं-उजवं उलटं होतं," सर म्हणाले. कपाळावरचा घाम कोटावर पडू नये म्हणून त्यांनी रुमाल धरला. "असं करा चाचा. तुम्ही स्वतःच्या गळ्यात बांधा. सावकाश. मी बघून टप्पे लिहून घेतो."

त्यांनी वही उघडली. १, २, ३, असे आकडे आधीच घातले.

चाचांनी पट्टी आपल्या सुरकुतलेल्या गळ्याभोवती टाकली. एक टोक लांब केलं, एक आखूड. हात वर गेले.

आणि थांबले.

बोटं हवेत तशीच राहिली. चाचांनी डोळे मिटले, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबले...

मग ते मोठ्याने हसायला लागले. आतून मुनीरा बघायला आली.

"येत नाही मला," चाचा म्हणाले.

"येत नाही? आत्ता तर बांधलात."

"तुमच्या गळ्यात."

"एकतीस वर्षं तुम्ही—"

"एकतीस वर्षं समोरच्याच्या गळ्यात. फॉर्मलच्या दिवशी सहा वाजल्यापासून खोल्यांच्या घंटा वाजायच्या. मोठे मोठे लोक, दार उघडून मान पुढे करून उभे. एका संध्याकाळी चाळीस-चाळीस गळे केलेत मी."

"आणि तुमचा? तुम्हालाही लागत असेल ना?"

"रोज. माझा कास्मीर बांधायचा. म्हापशाचा होता. वरच्या बंकवर झोपायचा. त्याचा मी, माझा तो. एकदा आमचं भांडण झालं, चार दिवस बोलणं बंद."

"मग?"

"मग काय. न बोलता बांधायचो."

सरांच्या वहीत तीन आकडे तसेच रिकामे होते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"मग माझा कोण बांधणार?"

चाचांनी गळ्यातली पट्टी काढली, तळहातावर सरळ केली आणि शालनताईंपुढे धरली.

शालनताईंनी आधी हात पदराला पुसले. मग सरबताचा पेला खाली ठेवून उठल्या आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सर नेहमीच्या सवयीने सूचना द्यायला लागले, "आधी लांब टोक..."

"मान वर," शालनताई म्हणाल्या.

चाचा बाजूला बसून नुसतं बोट हलवत होते. वरून. खालून. आता घडी.

पहिली गाठ तिरकी आली. दुसरी ढिली. तिसऱ्या वेळी शालनताई मागे सरकल्या, डोकं एका बाजूला कलतं करून पाहिलं आणि दोन बोटांनी डावा पंख इवलासा ओढला.

"बघू, बघू," सर आरशाकडे निघाले.

"आरसा कशाला? नीट आहे."

तरी सरांनी पाहिलं. नीट होतं. छत्तीस वर्षांत तिने आपल्याकडे एवढं निरखून कधी पाहिलं होतं? सरांच्या छातीत काहीतरी शाळा सुटल्यासारखं झालं.

"झालं तर," ते म्हणाले. "आता तुला यावंच लागेल. खोलीत बसून कसं चालेल? दोन्ही रात्री गाठ तूच बांधायची."

"बांधीन. पण त्या रात्री जमायचं नाही."

"का? आत्ता तर जमलं."

शालनताईंनी बॅगेतून गाऊन काढला आणि मुनीराबरोबर आत गेल्या.

फेरीबोटीचा भोंगा वाजला...

शालनताई बाहेर आल्या. मरून गाऊन पायाच्या घोट्यापर्यंत होता. रंग त्यांना शोभत होता. मुनीरा मागून म्हणाली, "काय सुंदर दिसताय." शालनताई किंचित लाजल्या. गाऊनच्या घेरावरून त्यांनी हात फिरवला, तोही मायेने.

मग त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि गाठीकडे हात न्यायला गेल्या.

हात छातीपर्यंत आले आणि अडकले. त्यांनी जोर केला. काखेत शिवण करकरली.

"वर जात नाहीत," त्या म्हणाल्या. "घास घेतानाही असंच होतं. घरी घालून पाहिलं मी, तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा. तोंड खाली न्यावं लागतं चमच्याकडे."

सर त्यांच्या अडकलेल्या हातांकडे बघत राहिले.

"मग खोलीत थांबायचं म्हणत होतीस ते..."

शालनताई खाडीकडे पाहत होत्या.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

खाडीवर आता वारा सुटला होता. दोरीवरची चाचांची टोपी हलायला लागली.

सरांची तारांबळ उडाली. त्यांनी वही ओढून घेतली, नवं पान काढलं, पेन उघडलं.

"चाचा, आता तुम्हीच निकाल द्या. इतकी वर्षं तुम्ही त्या टेबलांवर वाढलंत. हिने काय घालायचं? साडी की गाऊन? साडी तत्सममध्ये येते की नाही? तुम्ही म्हणाल ते मी लिहून घेतो. शेवटचा शब्द तुमचा."

चाचांनी वहीकडे पाहिलं. पेनाकडे पाहिलं. मग रिकामा पेला उचलला, पाठ सरळ केली, डावा हात मागे बांधला आणि शालनताईंकडे किंचित झुकले.

"ताई," ते म्हणाले, "चहा की सरबत?"

१० जून, सोमवार. आभाळ निरभ्र, समुद्र शांत. पहिली फॉर्मल रात्र. शालनताईंनी हिरवी इरकल साडी नेसली. गाठ दुसऱ्या प्रयत्नात बसली.

१४ जून, शुक्रवार. संध्याकाळी वारा, जहाज थोडं हलत होतं. दुसरी फॉर्मल रात्र. शालनताईंनी मरून गाऊन घातला. काखेत दोन्ही बाजूंना, घेरातून काढलेला दीड इंचाचा तुकडा त्यांनी स्वतः जोडला होता. गाठ पहिल्याच प्रयत्नात बसली. टेबल क्रमांक एक्केचाळीस. वाढप्याने काय घेणार, असं विचारलं. सर थांबले. शालनताई म्हणाल्या, "सूप."