रातांबीच्या खोऱ्यातला कोळी

ही फार जुनी गोष्ट नव्हे. केळुसकर नावाच्या एका आचार्यांनी कोळ्यांच्या अभ्यासात आयुष्य वेचलं होतं. सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यांतून आणलेले शेकडो कोळी त्यांच्या कपाटांत काचेच्या कुप्यांमध्ये जपलेले होते. शिष्यांना ते एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत : "घाई नको. पूर्ण खात्री होईपर्यंत एक ओळही लिहू नका."

मनस्विनी ही त्यांची शेवटची शिष्या. मागच्या फळीवरची एक कुपी तिच्या हाती आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं : रातांबीचं खोरं, झाडाच्या सालीवर, एक मादी. तारीख बावीस वर्षांपूर्वीची. मनस्विनी दोन वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. तिने पायांवरचे काटे मोजले, आठ डोळ्यांची मांडणी रेखाटली, जगभरातल्या नोंदींशी सगळं ताडून पाहिलं. ही जात विज्ञानाला सर्वस्वी नवी होती. लेख पूर्ण करून ती हर्षभराने आचार्यांकडे गेली.

त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. शाबासकी दिली नाही. एवढंच म्हणाले, "उद्या सकाळच्या एसटीने रातांबीला जायचं."

या मादीचा नर शोधायचा असेल, असं समजून तिने रिकाम्या कुप्या आणि ब्रश पिशवीत भरले. दुपारी दोघं फाट्यावर उतरून तासभर चालले. समोर रबराची झाडं रांगेने उभी होती. प्रत्येक बुंध्याला चीक गोळा करायची वाटी बांधलेली. खालची जमीन तणनाशकाने करपलेली. मनस्विनीने दहा-बारा झाडांच्या साली तपासल्या. मुंगीसुद्धा दिसली नाही.

"सर, खोरं अजून किती लांब आहे?"

"तू उभी आहेस, तेच ते."

तिने रबराच्या रांगांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं. हे रान तोडायचं ठरलं तेव्हा सुनावणी झाली. मी गेलो होतो. अधिकाऱ्याने विचारलं, इथे असा कोणता जीव आहे, जो दुसरीकडे कुठेच नाही? मी म्हणालो, बहुधा एक कोळी आहे. तो म्हणाला, नाव सांगा. मी म्हणालो, अजून दिलेलं नाही, वर्णन पूर्ण व्हायला नर मिळायचा आहे. त्याने लिहिलं, विशेष काही नाही."

"तेव्हा ही मादी तुमच्याकडे किती दिवस होती?"

"चार वर्षं."

"चार वर्षं!" मनस्विनीचा आवाज चढला. गुरूंपुढे ती आजवर कधी अशी बोलली नव्हती. "नुसत्या मादीवरूनही वर्णन करतात, सर. सगळे करतात."

"मला अर्धवट काम करायचं नव्हतं."

"तुम्हाला तुमच्या कामाला कोणी नावं ठेवलेली नको होती! त्यापायी रान गेलं आणि आम्हाला तुम्ही खुशाल धीर शिकवत राहिलात!"

आचार्यांनी मान खाली घातली नाही. म्हणाले, "हे कोणीतरी मला बोलायला हवं होतं. अठरा वर्षांत कोणी बोललं नाही. कपाटात अजून एकवीस जाती बिननावाच्या आहेत. त्यांतल्या नऊ जातींची रानं आज उभी आहेत. रान तुटत असताना धरलेला धीर हा धीर नसतो, ती कुचराई असते. हे मी वर्गात सांगितलं असतं, तर तू वहीत उतरवून घेतलं असतंस. म्हणून इथे आणलं. हा राग ओसरू देऊ नकोस."

"आणि माझा लेख?"

"छाप. पण आनंदाची बातमी म्हणून कोणाला सांगू नकोस."

परतीच्या गाडीत ती त्यांच्या शेजारी बसली नाही.

तीन आठवड्यांनी तिने त्यांच्यापुढे दुसरा लेख ठेवला. ज्या डोंगरावर खाण येऊ घातली होती, तिथल्या, त्या नऊ जातींपैकी एका कोळ्याचा. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : नर अद्याप मिळालेला नाही. आचार्यांची लेखणी त्या ओळीवर सवयीने थबकली. मग त्यांनी सही केली. लेख छापून आला, तशी तो घेऊन मनस्विनी सुनावणीला गेली आणि अधिकारी ते अवघड नाव अक्षरन् अक्षर लिहून घेईपर्यंत त्याच्या टेबलापुढून हलली नाही.

त्या डोंगराचा निर्णय अजून लागलेला नाही. दोघं समोरासमोर बसून उरलेल्या आठ जातींची वर्णनं लिहीत आहेत. तिने त्यांना क्षमा केलेली नाही, आणि त्यांनीही ती मागितलेली नाही.