यंत्राची साक्ष

अमरावतीच्या एका विधी महाविद्यालयात प्राध्यापक देवपुजारी यांचा मोठा दबदबा होता. कायदा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावर ते दूरचित्रवाणीवर इतके झळकत, की वर्गात पुराव्याचा कायदा शिकवतानाही कॅमेऱ्याकडे पाहिल्यासारखे बोलत.

एके दिवशी लेखन माणसाचे की यंत्राचे हे ओळखणाऱ्या त्यांच्या लाडक्या सॉफ्टवेअरने तेजल भारसाकळे या विद्यार्थिनीचा वार्षिक प्रबंध यंत्राने लिहिलेला ठरवला. प्रकरण प्राचार्या मोहरील यांच्यापुढे गेले. आरोप टिकला, तर तेजलचे वर्ष वाया जाणार होते.

देवपुजारी म्हणाले, "यंत्र कोणाचा द्वेष करत नाही आणि खोटेही बोलत नाही. याहून निःपक्षपाती साक्षीदार कुठला?"

तेजल शांतपणे उठली. "मग मॅडम, मला त्या साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ द्या. कोणत्या वाक्यावरून त्याने हे ठरवले, एवढेच विचारायचे आहे."

"वेडी आहेस का पोरी? ते काय उत्तर देणार? त्याचे म्हणणे मी सांगतो ना!"

"म्हणजे साक्षीदार बोलणार नाही आणि तो काय म्हणाला ते तुम्ही सांगणार. सर, अशा ऐकीव पुराव्याला न्यायालय दारातही उभे राहू देत नाही, हे तुम्हीच आम्हांला शिकवलेत."

प्राचार्यांनी हसू लपवण्यासाठी पदर तोंडाशी नेला. देवपुजारी मात्र उसळले. "मग प्रबंध तूच लिहिलास, हे आम्ही ओळखावे तरी कसे?"

"मला विचारून, सर," तेजल म्हणाली. "लिहिणारी केव्हाची हजर आहे. तिला अजून कोणी एकही प्रश्न विचारलेला नाही."