लोकरी कोट आणि गच्चीचा जिना

मृणालचा गेमिंग कॉम्प्युटर ऐन खेळात कधीही फटकन बंद पडायचा. संध्याकाळी स्पर्धेची फायनल होती, आणि घरात शब्द चालायचा तो काकांचा, म्हणजे निवृत्त चीफ इंजिनिअर भाऊसाहेबांचा. त्यांनी सकाळीच निकाल दिला, "दोष गेममध्ये आहे. गेम काढून टाक, विषय संपला!"

"काका, धूळ बसू नये म्हणून तुम्ही त्याला जुन्या गोधडीची खोळ शिवून घातलीत ना? आतली गरम हवा बाहेरच पडत नाही."

"मला शिकवतेस? खोळ घातलेल्या त्याच कॉम्प्युटरवर मी दिवसभर पत्रं टाइप करतो. एकदा तरी बंद पडलाय?"

मृणालने कपाटातून त्यांचा लोकरी कोट काढून आणला. "हा घालून जरा बसा बरं."

मे महिना होता, पण भाऊसाहेब इरेला पेटले. कोट चढवून ऐटीत खुर्चीत बसले. "हे बघ, बसलो. काय झालं मला?"

"काही नाही. आता असेच गच्चीवर जाऊन या."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भाऊसाहेबांनी पायरीवर बसकण मारली. चेहरा लालबुंद, घामाच्या धारा.

मृणालने पाण्याचा तांब्या पुढे केला. "काका, दोष जिन्यात आहे. जिना काढून टाकू या का?"

भाऊसाहेबांनी कोट भिरकावून मोठा सुस्कारा सोडला. "जा, आधी त्या बिचाऱ्याची खोळ काढ."

संध्याकाळी फायनल शेवटपर्यंत बिनघोर चालली. मागे बनियनवर बसलेले भाऊसाहेब मशीनला हातपंख्याने वारा घालत होते.