दंडावरची खूण

फार पूर्वी एका नदीकाठी रंगाऱ्यांचं गाव होतं. गावाची एक आळी वर टेकाडावर आणि एक खाली पाण्यालगत. दोन्हीकडे दिवसभर कापड भिजायचं, उकळायचं, पिळून दोऱ्यांवर वाळत पडायचं. नदी गावात शिरताना निर्मळ असायची, गावातून बाहेर पडताना मात्र ती कोणत्या रंगाची निघेल याचा नेम नसायचा.

या गावात न्याय करायची एक सोपी रीत होती. कुणाचं कापड डागाळलं, कुणाचा रांजण लवंडला, की पंच म्हणायचे, हात दाखवा. ज्याच्या हाताला तो रंग, त्याचा दोष. साक्ष नको, पुरावा नको, जेवायच्या वेळेआधी निकाल. कधी कधी सांडलेला रंग पुसायला धावलेला भला माणूसच अडकायचा. तो कळवळून सांगायला लागला की लोक म्हणायचे, मग मध्ये हात कशाला घातलास? गावाला या रितीचा मोठा अभिमान होता.

खालच्या आळीत कौतिका नावाची रंगारीण राहायची. तिला प्रश्न पडायचे. निळीच्या रांजणातून कापड वर काढलं की ते हिरवट दिसतं आणि वाऱ्यावर धरलं की बघता बघता निळं होतं. मग निळा रंग रांजणात असतो की वाऱ्यात, असं तिने लग्न होऊन आल्या आल्याच सासूला विचारलं होतं. रंग कुठेही असो, भाकरी तव्यावर आहे, असं सासू म्हणाली होती. सासू गेली, पण कौतिकाचे प्रश्न काही गेले नाहीत.

आता घरात थोरली जाऊ होती. तिला कौतिका अक्का म्हणायची. अक्का तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ होती. कौतिकाला ठकी नावाची लेक, अक्काला एक धावता-खेळता मुलगा आणि एक तान्ही मुलगी. दोघींचे नवरे कापड घेऊन परगावच्या बाजारांना गेले होते. चूल एकच होती, आणि दोघींचं छान जमायचं.

त्या वर्षी नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या गावांत फोडांची साथ आली. ताप चढायचा, अंगभर फोड उठायचे. वाचलेल्याच्या तोंडावर खड्डे राहायचे, आणि फोड डोळ्यांत उठला तर डोळा जायचा. पोरंच जास्त जायची.

साथ गावाजवळ येण्याआधी होडीने एक वैद्यीणबाई आली. तिच्याजवळ लस होती. सुईच्या टोकावर ती जराशी घ्यायची आणि दंडावर टोचायची. तिथे एक फोड उठतो, वाळतो, त्याची खूण राहते, आणि मग साथीचे फोड त्या माणसाला होत नाहीत, असं तिने घाटावर सांगितलं. बायका पोरं कडेवर घेऊन जमल्या. कौतिकाने पुढे होऊन विचारलं की यात काही अपाय तर नाही ना.

वैद्यीण चांगली होती, पण थकलेली होती. गावोगाव तेच प्रश्न ऐकून तिचा घसा बसला होता. खरं सगळं सांगितलं की बायका पोरं उचलून घरी जातात, हेही तिने पाहिलं होतं. ती म्हणाली, "काही म्हणता काही होत नाही. मुंगी चावते तेवढंच."

खालच्या आळीतली पोरं टोचून झाली. ठकीचं पोट बिघडलं होतं आणि अक्काची तान्ही फार नाजूक होती, म्हणून त्या दोघींना जरा थांबून टोचू, असं वैद्यीणच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती वरच्या आळीत जाणार होती.

दुसऱ्या दिवशी पोरांचे दंड सुजले. ताप भरला. आळीभर रडारड सुरू झाली, आणि बाया एकमेकींना विचारू लागल्या की ती तर म्हणाली होती काहीच होत नाही. दुपारी अक्काच्या मुलाचा ताप एकाएकी चढला. त्याने डोळे फिरवले, हातपाय ताठ केले, तोंडाला फेस आला. आकडी थोड्या वेळात सुटली, पोर झोपी गेलं आणि संध्याकाळी उठून त्याने भाकरी मागितली. पण ज्या आईने ते ताठलेलं पोर हातांत धरलं होतं, ती काही त्याला खाली ठेवेना. कौतिकाही शेजारी बसून रडली. तिनेही ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

पंच बसले. त्यांनी आपल्या रितीप्रमाणे पोराचं अंग पाहिलं. हात स्वच्छ, पाय स्वच्छ, दंडावर तेवढी एक लाल खूण. खूण समोर दिसतेय, आणखी काय पाहायचं, असं म्हणून पंच उठले. वैद्यीणबाईला गावबंदी झाली. ती मुकाट्याने नदीपलीकडच्या धर्मशाळेत जाऊन राहिली. तिची होडी बाजारच्या दिवशी पुढे जाणार होती. इकडे गावात तोंडातोंडी एका आकडीच्या दिवेलागणीपर्यंत दहा आकड्या झाल्या. टोचलेली पोरं पुढे मुकी होतात, असंही कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलं. वरच्या आळीने तर दारंच लावून घेतली.

कौतिकाला मात्र झोप येईना. साथ तिकडून येतच होती आणि ठकीचा दंड कोरा होता. टोचावं तर आकडीची भीती, न टोचावं तर फोडांची. शेवटी तिच्या डोक्यात नेहमीसारखा एक प्रश्न आला. खूण असलेल्या पोराला आकडी आली, ते सगळ्यांनी पाहिलं. पण खूण नसलेल्या पोरांना आकडी येतच नाही का? ते कुणी पाहिलं?

सकाळी तुरटी आणायचं निमित्त काढून ती वरच्या आळीत गेली. तिथे एकाही पोराला टोचलं नव्हतं. ती घरोघर बसली, पाणी प्यायली आणि विचारत गेली. पहिल्या घरी तसलं काही झालं नव्हतं. पुढच्या घरी गेल्या थंडीत पोराने तापात डोळे फिरवले होते. आणखी पुढे एका मुलीला झालं होतं, आता ती अंगणात लंगडी खेळत होती. आळीच्या टोकाला गावची म्हातारी सुईण राहायची. ती हसायलाच लागली.

"अगं, या वयाच्या पोराला ताप चढला की एखाद्याला येतेच आकडी. तुझ्या नवऱ्याला आली होती. मीच कांदा हुंगवला त्याला."

नवऱ्याची ही गोष्ट कौतिकाला कुणी सांगितली नव्हती. ती मनात हसली, पण तिचं समाधान झालं नाही. ताप चढला म्हणून आकडी आली, कबूल. पण तो ताप तर टोचल्यानेच आला ना? मग ती नावेत बसून नदीपलीकडे गेली. वैद्यीण धर्मशाळेच्या ओट्यावर सुया उकळत होती. कौतिकाने नमस्कारही न करता विचारलं की आमच्या पोराला आकडी टोचल्याने आली का.

वैद्यीणबाईने हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "टोचल्याने ताप येतो. तापाने एखाद्या पोराला आकडी येते. तेव्हा नाही म्हणून चालणार नाही."

"मग काही होत नाही असं का म्हणालात बाई?"

"खरं सांगितलं तर लोक उठून जातील असं वाटलं."

"तेव्हा गेले असते तर परत तरी आले असते. आता नाही यायचे."

वैद्यीणबाईने मान खाली घातली. मग कौतिकाने जे जे विचारलं त्याचं तिने न लपवता उत्तर दिलं. दंड सुजतो, कधी चिघळतो. अशा आकडीने सहसा पुढे काही राहत नाही. एका गावात टोचल्यानंतर एक मूल गेलं होतं. ते कशाने गेलं हे तिला अजून उमगलं नव्हतं, आणि तिने ते लपवलं नाही. साथीने मात्र किती पाळणे रिकामे केले ते मोजायला ती कधी बसली नव्हती. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, खालच्या गावातल्या कुणालाही विचार, असंही तिने सांगितलं.

नाव वल्हवणारा नावाडी खालच्याच गावचा होता. परतताना कौतिकाने त्याला विचारलं. तो वल्हं मारत मारत बोलला. त्याची पोरं टोचलेली होती, ती साथीत राहिली. भावाने टोचू दिलं नाही. भावाच्या घरात आता पोर उरलं नव्हतं.

ती घरी आली तेव्हा सगळं तिच्या ओठांवर होतं. अक्का उंबऱ्यात बसली होती. धावत्या-खेळत्या पोराला तिने मांडीवरून उतरू दिलं नव्हतं, तान्ही पाठीला बांधलेली होती. कौतिका म्हणाली, अक्का, मी जरा वरच्या आळीत जाऊन आले, आणि मग नदीपलीकडे.

"त्या बाईचं नाव या घरात काढायचं नाही," अक्का म्हणाली.

कौतिकाने तोंडातले शब्द गिळले. आज तिचं मन कढत आहे, निवलं की सांगू, असं तिने ठरवलं. आपण सगळेच असं ठरवतो. एका चुलीवर दोन तोंडं फिरलेली कुणाला आवडतात?

बाजारच्या दिवशी अक्का अजून निवली नव्हती. कौतिकाने धुण्याचं बोचकं घेतलं, ठकीला घेतलं आणि नदी ओलांडली. ठकीला टोचून झाल्यावर वैद्यीणबाईने विचारलं, तुमच्या घरात एक तान्ही होती ना. तिची आई नाही म्हणते, असं कौतिका म्हणाली. तुला जे कळलं ते तिला सांगितलंस का, असं वैद्यीणबाईने विचारलं. कौतिका धुण्याचं बोचकं बांधायला लागली. थोड्या वेळाने होडी निघून गेली.

ठकीचा दंड सुजला, तापही आला. कौतिका ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसत बसली. आकडी आली नाही. सर्दीचा ताप आहे, असं तिने घरात सांगितलं. बिचाऱ्या अक्काने स्वतः उठून ठकीसाठी काढा केला, आणि तो पाजताना कौतिकाला तिच्याकडे बघवेना.

मग साथ आली. खालच्या आळीतली टोचलेली पोरं बोळांतून हुंदडत राहिली. वरच्या आळीत मात्र घराघरांतून कण्हणं ऐकू यायला लागलं, काही दारांतून रडणं. अक्काचा मुलगा तान्हीच्या शेजारी झोपायचा, त्याला काही झालं नाही. ठकीलाही झालं नाही. तान्हीला फोड आले. अंगभर आले, डोळ्यांतही आले. दोघी जावा पाळीपाळीने तिच्याजवळ बसल्या. पोर वाचलं. डोळे दोन्ही गेले.

साथ सरल्यावर एकदा अक्का पोरांना न्हाऊ घालत होती. ठकीच्या पाठीवर पाणी ओतताना तिला दंडावरची खूण दिसली. तिने तांब्या खाली ठेवला.

"तुला ठाऊक होतं?"

कौतिकाने सगळं सांगितलं. वरची आळी, सुईण, वैद्यीण, नावाडी, काहीच लपवलं नाही. अक्का ऐकत राहिली. तान्ही तिच्या मांडीवर होती आणि पाण्याचा आवाज जिकडून येत होता तिकडे मान वळवत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रागावला असता, अक्का."

"रागावले असते," अक्का म्हणाली. "चार शब्द बोलले असते. ठकीचा काढा ओतून दिला असता, चूल वेगळी मांडली असती. मग कधीतरी बसून विचार केला असता. तेवढा माझा राग सोसायचा होतास गं."

कौतिका अक्काच्या पायांशी बसून राहिली. अक्काने तिला उठवलं नाही आणि दूरही लोटलं नाही.

पंचांनी गावबंदी उठवली, आणि पुढच्या खेपेला वैद्यीणबाई आली तेव्हा तिने घाटावर उभं राहून आधी ताप, सूज आणि आकडी सांगितली, आणि मगच लशीचा गुण सांगितला. काही बाया उठून गेल्या. त्या उठून गेलेल्या बायांच्या घरी कौतिका गेली. कुणी तिला उंबऱ्यावरूनच परतवलं, कुणी वाट्टेल ते बोललं. ती ऐकून घ्यायची, घरी यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच दारात पुन्हा जाऊन बसायची.

तात्पर्य एवढंच: विचारून मिळालेलं उत्तर आपल्यापाशी दडवू नये. जो ऐकून रागावेल, त्याच्याच दारी ते आधी न्यावं.