सरकारांचं बोट

"आमंत्रण आमच्याच फोनवरून जाईल, आमच्या फोटोसकट जाईल! पण पाठवायच्या बटणाला आमचं बोट लागणार नाही. आणि दुसऱ्या कुणाचं लागलेलं तर मुळीच चालणार नाही!"

कुंभेरीच्या सरकारांनी हुकूम सोडला. संस्थान कधीच विलीन झालं होतं. राज्य म्हणून आता एक राजवाडा, त्यातलं संग्रहालय आणि दोन मोर उरले होते, त्यातला एक पेंढा भरलेला. हट्ट मात्र अख्ख्या संस्थानाचा शिल्लक होता.

दसऱ्याच्या दरबाराला चार दिवस होते. शहरातून बोलावलेल्या इंजिनियरनं हात जोडले. "सरकार, ॲप मजकूर लिहील, फोटो जोडील, पाहुण्यांचे नंबर भरील. पण तुमच्या या फोनमध्ये शेवटचं बटण माणसालाच दाबावं लागतं. तसा नियमच आहे."

"आमच्या फोनमध्ये दुसऱ्याचा नियम?" सरकार कडाडले, आणि इंजिनियर दुपारच्या एसटीनं परत गेला.

नेमकं तेव्हाच संग्रहालयाच्या तिकीटखिडकीवरच्या वच्छलाबाई कासार बोलून गेल्या, "हात्तिच्या! त्यात काय एवढं?"

झालं! सरकारांच्या कानांना फक्त अशाच गोष्टी ऐकू जात.

"वच्छलाबाई, तीन दिवस दिले. जमलं नाही तर तिकीटखिडकी सोडायची आणि रिकामा हत्तीखाना झाडायला जायचं!"

वच्छलाबाईंनी पंचेचाळिसाव्या वर्षी तालुक्याला जाऊन ॲप बनवायचा वर्ग केला होता. वर्गात तिसरा नंबर आला, हे त्या सगळ्यांना सांगत. वर्गात तिघंच होते, हे कुणाला सांगत नसत. त्यांच्या पहिल्या ॲपनं त्यांनाच चाळीस वेळा 'नमस्कार' पाठवला होता, आणि निदान पहिल्या सहा वेळा त्यांनी उलट नमस्कारही केला होता!

दोन दिवस त्यांनी सरकारांच्या फोनशी झटापट केली. दर वेळी तेच. मजकूर तयार, फेट्यातला फोटो तयार, नंबर तयार, आणि खाली ते बटण हूं की चूं न करता बसलेलं. दाबल्याशिवाय हलायचं नाव नाही. 'एवढा मोठा इंजिनियर सांगून गेला,' त्या स्वतःशीच म्हणाल्या, 'तरी तुझी जीभ वळवळलीच ना, वच्छे? आता घे झाडू!'

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या फोनमध्ये फेट्याचा फोटो शोधत होत्या, तर बोट घसरलं आणि भलताच फोटो उघडला. सरकारांच्या गळ्यात टॉवेल, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि मिशीला लावलेला कलप अर्ध्यावरच थांबलेला. डावी मिशी काळी, उजवी पांढरी! राणीसाहेबांनी काढला असणार. वच्छलाबाईंनी पदर तोंडात कोंबला. हसू आवरलं, तेव्हा त्यांना वाट दिसली होती.

दुपारी दिवाणखान्यात सरकार, राणीसाहेब आणि म्हातारे कारभारी त्र्यंबकराव बसले होते. वच्छलाबाईंनी फोन चौरंगावर ठेवला.

"झालं, सरकार! आता बोट नको, बटण नको. ॲप स्वतःच मजकूर ठरवतं, फोनमधला त्याला आवडेल तो फोटो घेतं आणि पाठवून मोकळं होतं. कुणाला विचारत नाही."

"शाब्बास! याला म्हणतात चाकर!" सरकारांनी मिशीवर ताव दिला. "करा सुरू!"

पडद्यावर आकडे उलटे पळू लागले. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न... आणि वर झळकला तो अर्ध्या मिशीचा फोटो! खाली मजकूर: 'असेच दर्शन दसऱ्यालाही होईल. जरूर यावे.' पाहुण्यांच्या यादीत पहिलंच नाव व्याहीबुवांचं.

राणीसाहेबांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"अहो, हे काय? थांबवा!" सरकार ओरडले.

"कसं थांबवू, सरकार? बटणच ठेवलेलं नाही. हुकूमच तसा होता."

"चाळीस राहिले! त्र्यंबकराव, करा काहीतरी!"

"मी काय करणार? कुणाचं बोट लागलेलं चालणार नाही ना," त्र्यंबकराव छताकडे बघत म्हणाले.

"वीस! वच्छलाबाई, एक बटण लावा! आत्ताच्या आत्ता! आधी आम्हाला दाखवेल, आम्हाला विचारेल, आणि आम्ही दाबलं तरच जाईल असं बटण!"

"नक्की लावू, सरकार?"

"लावा म्हणतो ना! आमच्या नावानं काहीही जाईल की हो!"

वच्छलाबाईंनी पडद्यावर एक टिचकी मारली. आकडे थांबले. अर्धी मिशी गेली आणि फेट्यातले रुबाबदार सरकार आले. खाली सुबक आमंत्रण, आणि त्याच्याखाली तेच, तीन दिवस छळणारं बटण.

"हे घ्या. मी नाही लावलेलं, फोनमध्ये आधीपासूनच आहे. आणि आकडे नुसते पळत होते, सरकार. एक अक्षरही बाहेर गेलं नसतं. बटणाशिवाय पाठवण्याएवढी अक्कल मला असती, तर वर्गात तिसरी आले असते का?"

सरकारांनी कपाळावरचा घाम पुसला. मग डोळे वटारले. "म्हणजे शेवटी आमंत्रण आम्हीच पाठवायचं? हे तर जासुदाचं काम!"

"जासुदाचं काम फोन करील," वच्छलाबाई म्हणाल्या. "खलिता कारकून लिहितो, जासूद पोचवतो. पण शिक्का कोण मारतं, सरकार? कारकुनानं मारला तर त्याला चोर म्हणतात. जासुदानं मारला तरी चोरच. शिक्का मारायला राजाच लागतो!"

सरकारांनी बटणाकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे पाहिलं, आणि एकदम असे खदखदून हसले की बाहेरचा जिवंत मोर ओरडायला लागला!

"वा, वच्छलाबाई! आम्ही शिक्क्यालाच हमाली समजत होतो! त्र्यंबकराव, उद्यापासून संस्थानचे सगळे संदेश या बाई तयार करतील. पगार दुप्पट, आणि बसायला पंख्याखालची खोली!"

मग सरकार ताठ बसले, फेटा सारखा केला आणि मोठ्या डौलात बटण दाबलं. फोननं टुण्ण केलं. बक्षीस म्हणून ते बोटातली पाचूची अंगठी काढू लागले. ओढली, पिळली, दातांनीही धरून पाहिली. अंगठी जागची हलेना!

"हसू नका!" सरकार स्वतःच हसत ओरडले. "साबण आणा कुणीतरी!"